पूर्ण वाचलं नाही

१

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून आमच्या वाचनालयाचा खरा दिवस तो. चाकणजवळ कुरुळीत पिठाच्या गिरणीच्या वर एक लांबट खोली आहे, तेच वाचनालय. खाली गिरणी चालू असली की वरची फरशी थरथरते आणि लोखंडी रॅकमधली पुस्तकं एकमेकांवर हलकेच आपटत राहतात. जिन्यावर कायम पीठ सांडलेलं असतं. वर येणाऱ्याच्या चपलांचे ठसे त्यात उमटतात. कोण आलं आणि कोण गेलं, हे मला ठशांवरूनही सांगता येतं.

मी बारावी झालेली बाई. लातूरकडून इथे येऊन बावीस वर्षं झाली. गेली नऊ वर्षं हे वाचनालय मीच बघते. वाचक बहुतेक कामगार. कोणी वायरिंग जोडतं, कोणी प्रेसवर असतं, कोणी गेटवर वॉचमन. "ताई, मागच्यासारखंच पण रडवणारं नको," असं सांगतात आणि मी शोधायला लागते.

त्यासाठी 'वाचकनोंद' नावाची वेबसाइट आहे. ठिकठिकाणची वाचनालयं आपल्या वाचकांचे अभिप्राय तिथे टाकतात. लाखभर अभिप्राय असतील. नुसतं 'चांगली कादंबरी' असं लिहून शोधलं तर काहीच हाती लागत नाही. ताथवड्याच्या एका कॉलेजात आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, तिथे शोधायची रीत शिकवली. ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. नेमकं वाक्य हवं असेल तर अवतरणचिन्हात घाला. नको तो शब्द वजा करा. आपल्याच वाचनालयाचं हवं असेल तर संकेतांक टाका. आणि काहीच सापडलं नाही तर एक अट काढून पुन्हा शोधा. मला हे उत्तम येतं. याचा मला अभिमान होता.

दुसरा अभिमान अभिप्रायांचा. वाचक पुस्तक परत देताना मी विचारते, "कसं वाटलं?" तो जे बोलेल ते चिठ्ठीवर उतरवते आणि जसंच्या तसं वेबसाइटवर टाकते. "भारी हाय, पण शेवट येडछाप" असं कोणी म्हटलं तर तसंच. माणसाचं मत त्याच्याच तोंडचं असावं.

हा नियम मी एकदाच मोडला. जानेवारीत वाचनालयाची तपासणी होती. तपासणीला तीनशे अभिप्राय दाखवायचे होते आणि आमचे भरले होते दोनशे एकसष्ट. आमचे सचिव यशवंतराव, इथलं जुनं शेतकरी घराणं, खुर्ची ओढून समोर बसले.

"बाई, एकोणचाळीस टाका की लिहून. कोण वाचतंय?"

"न वाचलेल्या पुस्तकावर मी मत कसं लिहू, यशवंतराव?"

"मग न्हाई वाचलं असं लिवा! ते बी मतच हाय की."

मला ते पटलं, हे आज सांगतानाही माझे कान गरम होतात. अर्धवट वाचून परत आलेली पुस्तकं मी बाजूला काढली. खुणेची चिठ्ठी ज्या पानात होती ते पान पाहिलं आणि वाचकाच्या नावाने लिहीत गेले: 'पूर्ण वाचलं नाही. पान अमुकवर थांबलो.' एकोणचाळीस वेळा. एकालाही विचारलं नाही.

२

फेब्रुवारीत हिंदुरावांचं पुस्तक परत आलं नाही. हिंदुराव एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. साठीच्या जवळचे, सांगलीकडचे. एक दिवसही उशीर न करणारा माणूस. आठ दिवस झाले, दहा झाले. त्या पुस्तकावर त्यांनी आधी काही मत दिलंय का बघावं म्हणून मी वेबसाइटवर त्यांचं नाव टाकलं.

'हिंदुराव. पूर्ण वाचलं नाही. पान ६४वर थांबलो.'

वाक्य माझं होतं. नोंद माझी नव्हती. जानेवारीत हिंदुरावांचं नाव मी घेतलंच नव्हतं, कारण ते पुस्तक अर्धवट सोडत नसत. आणि हे पुस्तक तर त्यांच्याकडेच होतं. मग चौसष्ट हा आकडा कोणी पाहिला?

मी रिक्षा करून कंपनीच्या गेटवर गेले. केबिनमध्ये नवा वॉचमन होता.

"तो काका गेला गावी, न सांगता. डबापण इथंच ठेवून गेला. पार आंबला होता, मीच टाकला."

"आणि पुस्तक?"

त्याने ड्रॉवरमधून काढून दिलं. "खुर्चीवर पालथं पडलेलं होतं. मी हात नाही लावला मॅडम, तसंच्या तसं ठेवलंय."

पुस्तक अजून पालथंच होतं. उलटं केलं. डाव्या हाताला पान चौसष्ट.

सभासदाच्या अर्जावर गावाकडचा नंबर असतो. त्यांच्या बायकोने फोन उचलला. म्हणाली, "हिकडं न्हाईत आले. तिकडंच हायत न्हवं?" "चौकशी करते," एवढंच मी म्हटलं.

३

मार्चमध्ये भिमाबाई. त्या एका कंपनीत साफसफाईला होत्या. प्रौढपणी अक्षरं शिकल्या आणि बोट ठेवून वाचायच्या. वाचून झालं की मला अख्खी गोष्ट परत सांगायच्या. दोन गुरुवार त्या आल्या नाहीत. त्यानंतर तिसऱ्या दिवशी घरमालक पुस्तक घेऊन वर आला. "दार आतून नुसतं लोटलेलं होतं ताई. गॅसवर चहाचं पातेलं, चहा वाळून गेलेला. पुस्तक उशीवर उघडं. गेली असेल गावी."

"कितव्या पानावर उघडं होतं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "असं कोण बघतं?"

वेबसाइटवर लिहिलेलं होतं. पान एकतीस. आणि नोंदीची तारीख घरमालकाने दार उघडण्याच्या चार दिवस आधीची.

मी वेबसाइटच्या मदत-केंद्राला फोन लावला. दिग्विजय नावाचा मुलगा होता, आवाजाने सभ्य.

"मॅडम, नोंद तुमच्याच लॉगिनवरून आलीये. तुमच्याच कॉम्प्युटरवरून. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी."

"बारा ते पाऊण मी घरी जेवायला जाते. वाचनालयाला कुलूप असतं. किल्ली माझ्या कमरेला."

"मग पासवर्ड कोणाला तरी माहीत असणार."

"कोणाला? आमच्या सचिवांना मोबाइलवर फोन आला तर तो माझ्याकडे आणून देतात, उचलून द्या म्हणतात."

तो हसला. "मॅडम, सिस्टीम चुकत नाही. माणूस विसरतो."

मी आयुष्यात कोणावर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला. "दोन माणसं गायब आहेत, आणि त्यांच्या नावाने कोणीतरी माझं वाक्य लिहितंय. मी विसरले म्हणता?" तो म्हणाला, "तक्रार नोंदवतो मॅडम," आणि मला एक लांबलचक नंबर दिला.

यशवंतरावांना म्हटलं, पोलिसांत जाऊ.

"काय सांगनार? येबसाइटवर लिवलंय म्हून मानूस गेला?" ते पानाला चुना लावत होते. "बाई, ही परगावची मानसं. आज हाय, उद्या न्हाई. कुटं सुपरवायझरशी भांडान झालं की पिशवी उचलतात. तुमी कशाला जिवाला लावून घेता?"

"मीही परगावचीच आहे."

"तसं न्हाई वो..."

"तसंच आहे. उद्या मी आले नाही तर तुम्ही हेच म्हणाल. गेली असेल गावी."

ते खाली उतरून गेले. मी एकटीच पोलीस चौकीत गेले आणि दोन्ही नावं लिहून दिली. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नात्यात कोण तुमच्या?" वाचक, म्हणाले मी. त्याने 'ओळखीचे' असं लिहिलं.

त्या दिवशी परत येताना जिन्यावर थांबले. पायऱ्यांवर माझ्या आणि यशवंतरावांच्या चपलांचे वर जाणारे ठसे होते, आणि खाली उतरलेलेही आम्हा दोघांचेच. बाकी कोणाचेच नाहीत. म्हणजे कोणी वर येत नव्हतं. हे पाहून मला धीर यायला हवा होता. घराचं दार लावून घेतल्यावर लक्षात आलं, की जे वर येत नाही ते खालीही जात नसेल.

४

तेव्हापासून रोज सकाळी मी एकच शोध घ्यायचे. 'पूर्ण वाचलं नाही' अवतरणचिन्हात, आमचा संकेतांक, जानेवारी वजा. दोन नोंदी यायच्या, हिंदुराव आणि भिमाबाई. दोनच आहेत म्हणून बरं वाटायचं. असं बरं वाटून घेण्याचीही लाज वाटायची.

एप्रिलमध्ये एका बुधवारी दुपारी जेवून आले आणि तीन आल्या.

'पिंकी. पूर्ण वाचलं नाही. पान १४७वर थांबले.'

पिंकी परभणीची, बावीस वर्षांची. चाकणला वायरिंगच्या कंपनीत. खोलीत चार मुली, त्यातली ही एकटी वाचणारी. शिफ्टच्या बसमध्ये वाचते, डुलक्या घेणाऱ्यांच्या मध्ये. पुस्तक परत देताना मला विचारते, "तुम्हाला कसं वाटलं होतं, ताई?" हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी कधी विचारलेला नाही.

नोंदीखाली वाचन थांबल्याची तारीख होती, दुसऱ्या दिवशीची. गुरुवारची.

मी नोंद काढून टाकली. पान ताजं केलं, नोंद तिथेच. पुन्हा काढली. दिग्विजयला फोन केला. तो म्हणाला, "मला तर दिसतच नाहीये मॅडम, काढलीत की तुम्ही." मी पडद्याकडे बघत होते. पिंकीचं नाव माझ्यासमोर होतं.

तिचा फोन लागला नाही. कंपनीत गेटवर फोन जमा करून घेतात. खोलीवर गेले. तिच्या सोबतिणी म्हणाल्या, दुसरी शिफ्ट आहे, रात्री येईल. मी निरोप ठेवला: उद्या जेवायच्या वेळी वाचनालयात ये, पुस्तक घेऊन ये, तोवर एक पानही वाचू नको. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. पुस्तक वाचू नको असं सांगणारी लायब्ररीवाली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

५

ती पावणेएकला आली. मी जेवायला गेले नव्हते. सकाळपासून खुर्ची सोडली नव्हती, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी पडद्याकडे डोळे लावून बसले होते. काहीच झालं नव्हतं. फक्त मागे, चार नंबरच्या रॅकमध्ये, पुस्तकं एकमेकांवर हलकी आपटली होती. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, कॉम्प्युटर तेवढा इन्व्हर्टरवर चालतो. गिरणी बंद होती.

"काय झालं वो ताई? पोरी म्हनल्या, ताई लई टेन्शनमध्ये हायत."

"कितव्या पानावर आहेस?"

"एकशे सेहेचाळीस झालं. आता बसमध्ये वाचीन पुढचं. आज सुट्टीचा ओव्हरटाइम लावलाय, पावणेतीनला बस हाय."

"बसमध्ये नाही वाचायचं. इथे बस. मी वाचून दाखवते, शेवटपर्यंत."

"कामून?"

काय सांगणार होते? म्हटलं, "माझं समाधान."

पिंकीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून बसली. "बरं. पन मी हं म्हनत जाईन. आमच्याकडं गोष्ट ऐकताना हं म्हनावंच लागतंय, नाहीतर सांगनारा थांबतो."

आमच्याकडेही तसंच होतं. ऐकणाऱ्याने दर थोड्या वेळाने हुंकार द्यायचा. ऐकणारा जागा आहे, गोष्ट कोणापर्यंत तरी पोचते आहे, हे सांगणाऱ्याला त्यावरून कळतं.

पुस्तक एकशे ब्याण्णव पानांचं. धरणाच्या कामावर राहणाऱ्या एका मुलीची कादंबरी. मी एकशे सत्तेचाळीसपासून मोठ्याने वाचायला लागले. परिच्छेद संपला.

"हं," पिंकी म्हणाली.

"हं."

मला वाटलं, खोली घुमतेय. लोखंडी रॅक आणि वर पत्रा. पण गिरणी अशी अनेकदा बंद असते आणि आम्ही कितीतरी बोलतो. तेव्हा नाही घुमत.

पुढचा परिच्छेद. पिंकीचं हं. मग एक श्वास जाईल एवढ्या अंतराने दुसरं. पुरुषाचं की बाईचं, सांगता यायचं नाही. कंटाळलेलं नव्हतं. उलट, फार लक्ष देऊन ऐकणाऱ्याचं होतं. दरवेळी चार नंबरच्या रॅकच्या मागून.

मी वाचत राहिले आणि मनात हिशेब लावत राहिले. खालचा गिरणीवाला असेल. पण तो गुरुवारी आळंदीला जातो. कबुतर असेल. पण कबुतर परिच्छेदाच्या शेवटाची वाट पाहत नाही. पान एकशे पंचावन्नला पिंकी बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती. मी मुद्दाम परिच्छेद संपवून थांबले. तिच्या घशातून पाण्याचा आवाज येत होता.

"हं," मागून आलं.

पिंकीने बाटली खाली ठेवली. "तुम्हीच वाचताय आन तुम्हीच हं म्हनताय होय ताई?" ती हसली.

"सवय," मी म्हणाले.

खरं सांगते, भीतीच्या वरताण मला संताप आला होता. ही माझी खोली. ही पुस्तकं मी एकेक पुसून लावलेली. दिवसभर उभं राहून पाय सुजलेली माणसं इथे घटकाभर येतात, कोणाची तरी गोष्ट वाचतात. आणि त्यांच्या गोष्टी अर्ध्यावर तोडणारं कोणीतरी इथेच, माझ्या पाठीशी, आरामात बसून ऐकतंय. भिमाबाई मला गोष्ट सांगत असत तेव्हाही ते ऐकत असेल. जानेवारीत मी एकोणचाळीस खोटी वाक्यं लिहिली तेव्हाही.

मी वाचता वाचता मान वळवली. चार नंबरच्या रॅकला पाठ नाही. पुस्तकांच्या वर चार बोटं फट राहते आणि तिच्यातून पलीकडची पिवळी भिंत दिसते. सगळ्या फटींतून दिसत होती. वरून तिसऱ्या फटीतून दिसली नाही.

मी पुस्तकात डोळे घातले आणि आवाज मोठा केला.

मध्येच जिन्यावर पावलं वाजली. यशवंतराव. "बाई, ते तपासनीचं पत्र आलंय, सही पायजे." दारातच थबकले. "ह्ये काय, शाळा भरवली काय?"

"सही नंतर. आत्ता जा तुम्ही."

"अवो, दोन मिंटं..."

"यशवंतराव, जा म्हटलं ना!"

नऊ वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. ते आल्या पावली परत फिरले. मी पान उलटलं आणि पुढे वाचू लागले. अडीचच्या थोडं आधी शेवटचं वाक्य वाचून पुस्तक मिटलं.

"हं," पिंकीने डोळे पुसले. "चांगलं संपलं, ताई. मला वाटलं मरती का काय ती."

मागून काहीच आलं नाही.

६

पिंकी बसकडे पळाली. पुस्तक माझ्यापाशीच ठेवून घेतलं. जिन्याच्या पिठात तिच्या सँडलचे उतरलेले ठसे बघून आले आणि मग कॉम्प्युटरपुढे बसले. 'पूर्ण वाचलं नाही', संकेतांक, पिंकीचं नाव.

एकही नोंद सापडली नाही.

मी टेबलावर डोकं टेकवून रडले. थोडा वेळच. मग वहीचं पहिलं पान आठवलं. काहीच सापडलं नाही तर एक अट काढून पुन्हा शोधा. नऊ वर्षांची सवय, हात थांबेनात. अवतरणातलं वाक्य काढलं. नुसतं पिंकीचं नाव आणि संकेतांक. तिचे जुने अभिप्राय आले, मी तिच्या तोंडून उतरवलेले, आणि सगळ्यांत वर एक नवा. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांचा. घड्याळात दोन पन्नास झाले होते.

'पिंकी. ऐकलं. वाचणाऱ्या बाईंनी पान १६१वरची शेवटची ओळ गाळली. पूर्ण झालं नाही.'

मी पान उघडलं. एकशे एकसष्ट. यशवंतराव दारात उभे होते तेव्हाचं. तळाशी एक सुटी ओळ होती. माझ्या डोळ्यांना ती पूर्ण नवी होती.

बस सुटली होती. गेटवर फोन जमा होईपर्यंत वीस मिनिटं. पहिल्यांदा लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. मागे बसची घरघर, कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं.

"ताई? काही राहिलं का माझं?"

"राहिलं. एक ओळ वाचायची राहिली. ऐक." मी वाचली. "'तिने मागे वळून पाहिलं, वाटेवर कोणीच नव्हतं, आणि तरीही ती थांबली नाही.'"

"हं," पिंकी म्हणाली.

मी चार नंबरच्या रॅककडे पाहत होते. तिथे शांतता होती. तिसऱ्या फटीतून पिवळी भिंत दिसत होती.

"हं," फोनमधून आलं.

"पिंकी," मी म्हणाले, "तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

"कुनीच नाही. खिडकीची सीट रिकामीच हाय. कामून?"

भीती नेमकी कोणत्या क्षणी मागे पडली ते मला सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणाले, "फोन स्पीकरवर कर आणि त्या सीटवर ठेव."

"अवो ताई, लोकं बघतेत..."

"ठेव, बाळा."

खरखर झाली. आवाज पोकळ आला. मी उभी राहिले.

"ऐकणारं जे कोणी आहे त्याला सांगते. या मुलीचं पुस्तक संपलं. एकही ओळ राहिलेली नाही. तिला आठ तास उभं राहून काम करायचंय, तिच्या वाटेला जायचं नाही. हिंदुराव निम्म्यात तोडले, भिमाबाई निम्म्यात तोडल्या. कोणी विचारत नाही म्हणून? मी विचारते. परगावची माणसं म्हणजे कुणीही पान दुमडून ठेवावीत अशी नाहीत. गोष्ट हवी असेल तर इकडे ये. वाचून दाखवायला मी आहे. सात वाजेपर्यंत वाचनालय उघडं असतं."

बसमधलं गाणं बंद झालं होतं. पिंकीचा दबका आवाज आला, "कुनाशी बोलताय, ताई?"

"कोणाशी नाही. तू फोन जमा कर आणि कामावर जा. सुटल्यावर मला फोन कर."

मी जाऊन एक नंबरच्या रॅकमधलं सगळ्यांत जाड पुस्तक काढलं. तीन खंडांतला पहिला, सहाशे चाळीस पानं. नऊ वर्षांत कोणी नेलेला नाही. टेबलावर ठेवला, पहिलं पान उघडलं आणि मोकळ्या खोलीत मोठ्याने पहिला परिच्छेद वाचला. थांबले.

भिंतीवरच्या घड्याळात काटा सरकल्याचा आवाज आला. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. तिसरी फट आतून बुजल्यासारखी हळूहळू काळी झाली.

"हं."

७

पिंकी ठीक आहे. दर गुरुवारी येते. दोन पुस्तकं झाली तिची, दोन्ही पूर्ण. तिला मी काही सांगितलेलं नाही. तिला एवढंच वाटतं की ताई अलीकडे मोठ्याने वाचत बसतात आणि पुस्तक बदलून देताना आधी परिच्छेद संपवतात, मग हात पुढे करतात.

फळ्यावर मी दोन नावं लिहून ठेवली आहेत. हिंदुराव, भिमाबाई. खाली लिहिलं आहे: 'हे गावी गेलेले नाहीत. कोणी पाहिलं असल्यास सांगावं.' यशवंतरावांनी एकदा डस्टर उचललं. मी नुसतं पाहिलं. त्यांनी ठेवून दिलं. तक्रारीचा तो लांबलचक नंबर अजून 'प्रक्रियेत' आहे आणि पोलीस चौकीत मी दर सोमवारी जाते. हवालदार आता मला 'ओळखीच्या बाई' म्हणतो.

वेबसाइटवरचा रोजचा शोध चालू आहे. सकाळी दोनच नोंदी येतात. माझं स्वतःचं नाव टाकून मात्र मी शोधत नाही. कसं शोधायचं ते मला नीट येतं, म्हणूनच.

पहिला खंड पान तीनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत आला आहे. घाई करत नाही. रोज सोळा-सतरा पानं. जेवायला जाताना परिच्छेदाच्या मध्ये कधीच थांबत नाही. तिसरा खंड संपल्यावर काय, याचा विचार गिरणी चालू असेपर्यंत येत नाही.

काल माझा घसा बसला. आवाजच फुटेना. दुपार होती, कोणी वाचक नव्हता, गिरणी बंद होती. मी दोनदा खाकरले, पाणी प्यायले, आणि शेवटी पुस्तकात तोंड घालून एक परिच्छेद मनातल्या मनात वाचला. ओठही हलवले नाहीत.

परिच्छेद संपला, तसा माझ्या कानाशी हुंकार आला.